छत्री उतरणार नाही

सोमवार, ७ मे २००७

आजपासून लिहायचं ठरवलं. कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला झोप येणार नाही, आणि घरात भांडायला कुणी मोकळं नाही. इंद्रभान सकाळच्या जालना गाडीवर ड्यूटीला गेलेत. कंडक्टरच्या बायकोनं भांडण वहीतच करावं.

पाडव्याला टेंभुर्णीत माझं इंटरनेट सेंटर सुरू झालं. रस्त्याकडची खोली, चार कॉम्प्युटर, आणि वर स्लॅबवर पुण्याच्या कंपनीनं बसवलेली मोठी डिश. गाव तिला छत्री म्हणतं. छत्रीची वायर खाली एका काळ्या डब्याला येते आणि डब्यातून चारही कॉम्प्युटरला जाते. छत्री कंपनीची, डबाही कंपनीचा. कॉम्प्युटर माझे. मी शिकवायचे तो जालन्याचा क्लास बंद पडला तेव्हा तिथून आणलेले.

महिना-दीड महिना झकास चाललं. मग गेल्या आठवड्यात कंपनीनं 'अपग्रेड' केलं, आणि तेव्हापासून नुसता छळ. दोन ओळींची मेल जाते. तिला फोटो जोडला की जात नाही. साधं पान उघडतं, मोठं पान वरची पट्टी दाखवून तिथंच बसतं. पोरं पाच मिनिटं बघतात, उठतात, जातात.

मदत केंद्राला फोन केला. म्हणाले व्हायरस असेल. तपासला, नव्हता. म्हणाले वायर असेल. बदलली. मग म्हणाले, "तुमच्याकडं लाइट जाते ना सारखी? त्याच्यामुळं." लाइट जाते तेव्हा सगळंच बंद असतं. लाइट असताना काय होतं ते विचारतेय मी!

त्यात मामा. सासऱ्यांना दिवसभर सेंटरच्या दारातच बसायचं असतं. घोंगडी टाकून, काठी आडवी ठेवून. जन्मभर मेंढरं राखली, आता माझं गिऱ्हाईक राखतात. टवाळ पोरं त्यांना बघूनच पुढं जातात. काल म्हटलं, "मामा, आत सावलीत बसा की." तर म्हणाले, "हितंच बरं हाय."

बुधवार, ९ मे

आज मदत केंद्रात बद्रीनाथ नावाचा माणूस फोनवर आला. बोलण्यावरून आपल्याकडचा वाटला. विचारलं, कुठले? "परतूरचा. पण फोन रेकॉर्ड होऊन राह्यला बाई, कामाचं बोला."

कामाचं बोलले. लहान जातं, मोठं अडतं, कितीही वेळा केलं तरी तसंच. त्यानं ऐकून घेतलं. मग एकदम कडक आवाजात म्हणाला, "बाई, एक गोष्ट बराबर ध्यानात ठेवा. त्या डब्याच्या सेटिंगला हात लावायचा न्हाई. डब्याच्या बुडाला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली हाय, तो टाकून आत जायचं न्हाई. आत शेवटच्या पानावर टीसीपी एमएसएस नावाचा रकाना हाय. तिथं चौदाशे साठ हाय. ते कमी करायचं बिलकुल न्हाई. समजलं?"

मला इतका राग आला! मी विचारते रोग, हा सांगतो पथ्य. जसं काही मी डबा फोडायलाच निघाले होते. म्हटलं, "मी बी.एस्सी. आहे, लहान लेकरू नाही." तर म्हणतो, "म्हणूनच सांगून राह्यलो."

उर्मट मेला.

शनिवार, १२ मे

लावला. हात लावला.

दोन दिवस त्या डब्याकडं बघत होते. हात लावायचा नाही म्हणे! खोली माझी, लाइटबिल माझ्या नावावर, शिव्या खाणारी मी, आणि हात मात्र लावायचा नाही. सकाळची लाइट आली तशी डबा उलटा केला, चिठ्ठी वाचली, आत गेले. शेवटच्या पानावर तो रकाना होता. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबलं तर समजुतीच्या चार ओळी आल्या. एका खेपेत जास्तीत जास्त किती माल भरायचा, त्याचा तो आकडा.

माल! आणि माझा रोग काय? लहान जातं, मोठं अडतं.

चौदाशे केलं. डबा बंद होऊन चालू झाला, सगळे दिवे लाल.  छत्री कायमची गेली तर कंपनी मला काय करेल, इंद्रभान काय म्हणतील, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दिवे हिरवे झाले. मोठं पान उघडलं, आणि अडलं. तेराशे ऐंशी केलं. अडलं. आता परत चौदाशे साठ करून गप बसावं असं मनात आलं. पण हात लावलाच आहे तर पुरता लावावा.

तेराशे चाळीस.

पान उघडलं. सबंध, खालपर्यंत, चित्रांसकट. मी खुर्चीवरून उठून ओरडलेच. मामांनी दारातून वळून बघितलं. "काय झालं गं? इंचू हाय का?"

"नाही मामा, चालू झालं!"

"मंग वरडतीस कशाला," म्हणाले आणि परत रस्त्याकडं तोंड केलं.

रविवार, १३ मे

आत्यांना सांगायचा प्रयत्न केला. सासूबाईंचं माहेर परतूरकडचं, म्हणून म्हटलं, "आत्या, कापसाचा ट्रक तट्ट भरून रेल्वेच्या पुलाखालून चालला तर?"

"आडकंल की. आमच्या भावाचा आडकला व्हता."

"मग काय केलं?"

"दुसऱ्या दिवशी कमी भरला."

"बास. तेवढंच केलं मी."

आत्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "पण आमच्या भावाला कळलं तरी, ट्रक आडकला म्हणून. तुझ्या कंपनीला कळंना का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. अडकलेल्या ट्रकचा निरोप मागं पोचतच नाही. पाठवणारा तेवढाच भरलेला ट्रक परत परत पाठवतो, आणि पुलाखाली ढीग लागतो. हे उद्या कंपनीला कळवायचं. खूश होतील.

शनिवार, १९ मे

खूश झाले नाहीत.

मी कळवलं सोमवारी. मंगळवारी सकाळी बघते तर आकडा परत चौदाशे साठ. कंपनीनं तिकडून पुण्यातूनच बदलला. मी तेराशे चाळीस केला. बुधवारी परत चौदाशे साठ. मी परत तेराशे चाळीस. आता रोजचंच झालंय. अंगण झाडायचं, सडा टाकायचा, आकडा बदलायचा.

बद्रीनाथला फोन केला, म्हटलं हे काय चालवलंय तुम्ही? तो थंडपणे म्हणाला, "अपग्रेडमधी दर पाकिटाभोवती सुरक्षेचं एक नवं वेष्टन चढवलं, म्हणून पाकीट फुगलं, असं मी म्हणालो न्हाई. आणि वरचे लोक चूक झाली म्हणायला तयार न्हाईत, असं बी म्हणालो न्हाई."

"मग म्हणालात काय?"

"धन्यवाद म्हणालो. दुसरी काही मदत?"

असा माणूस आयुष्यात बघितला नाही.

एक बरं आहे. या आठवड्यात पोरी यायला लागल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत टायपिंग शिकायला पाच-सहा येतात. मी कुठं जाहिरात केली नव्हती. वस्तीवरच्या साखराबाई नातीला, मथुराला, घेऊन येतात. आधी दारात थांबतात, मामा बसलेत का बघतात, मग मथुराला आत पाठवतात आणि स्वतः मामांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसतात. म्हाताऱ्यांना बोलायला माणूस लागतं. दारात अजून गर्दी, दुसरं काय!

शनिवार, २६ मे

कंपनीचे विभागीय अधिकारी काकासाहेब आज स्वतः आले. पांढरी जीप, पांढरा शर्ट, बोलणं गोड. चहा घेतला. आत्यांना नमस्कार केला. मग पिशवीतून टाइप केलेला एक कागद काढला.

"ताई, काही विशेष नाही. एक फॉरमॅलिटी आहे. सही करा."

वाचला. 'मी केंद्रचालक लिहून देते की, माझ्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणे उपकरणाची सेटिंग बदलली गेल्यामुळे सेवेत बिघाड झाला. यात कंपनीचा दोष नाही.'

मी म्हटलं, "साहेब, हे उलटं आहे. बिघाड आधी झाला. सेटिंग मी नंतर बदलली, आणि त्यामुळं बिघाड गेला."

"तुम्हाला तसं वाटतं."

"वाटत नाही. बसा, दाखवते."

नाही बसले. म्हणाले, "करारात लिहिलंय, डब्याला हात लावायचा नाही. सही केली तर विषय संपला. नाही केली तर छत्री काढून न्यावी लागेल. जाफराबादला एक जण तयारच बसलाय. विचार करा."

साहेब गेल्यावर जेवताना इंद्रभान म्हणाले, "करून टाक ना सही. काय जातं?"

"मी अडाणी आहे असं लिहिलंय त्यात."

"कागदावर लिहिल्यानं कुणी अडाणी होतं का?"

"मग तुम्ही द्या लिहून, की तुम्ही गाडीत फुकटे बसवता म्हणून. कागदावर लिहिल्यानं काय होतं?"

ते जेवणावरून उठले. आत्या मला म्हणाल्या, "जेवतानी बोलत न्हाईत गं." बरोबर आहे त्यांचं. पण सही नाही म्हणजे नाही.

मला भीती वाटते का? वाटते. छत्री गेली तर मी परत चुलीपुढं, आणि गाव म्हणणार, चार दिवसांचं कौतुक होतं. इथं खरं लिहिते. बाहेर नाही बोलणार.

शुक्रवार, १ जून

आज हसून हसून पोट दुखलं, आणि थोडी रडलेही.

दुपारी अनोळखी फोन. "टेंभुर्णीच्या उषाबाई का? मी सिल्लोडकडून गोजरबाई बोलते. आमचं बी सेंटर हाय कंपनीचं. लहान जातं, मोठं अडतं."

म्हटलं, माझा नंबर कुणी दिला?

"मदत केंद्रातल्या बद्रीनाथनं. त्यो म्हणला, टेंभुर्णीच्या उषाबाईला फोन करायचा न्हाई, तिला याच्यातलं सगळं कळतं पण तिला बिलकुल विचारायचं न्हाई. आणि मंग नंबर सांगितला. दोनदा सांगितला. मला काई समजंना, म्हणलं बघावं तर करून."

मी फोन हातात धरून उभीच राहिले. मूर्ख मी! तीन आठवडे मी त्या माणसाला शिव्या घातल्या. त्याच्या पाठीमागं साहेब उभा, फोन रेकॉर्ड होतोय, आणि तो बिचारा 'करायचं न्हाई' म्हणत म्हणत मला पायरी-पायरीनं आत नेत होता.

गोजरबाईला सगळं सांगितलं. डबा उलटा करा, चिठ्ठी वाचा, शेवटचं पान. दिवे लाल झाले की घाबरू नका. तिकडून ती ओरडली तशी मला माझं ओरडणं आठवलं.

शुक्रवार, ८ जून

पासवर्ड बदललाय त्यांनी. सकाळी आकडा परत चौदाशे साठ, आणि दार बंद. आत जाताच येत नाही.

आणि आजच मथुरा बारावीची गुणपत्रिका घेऊन आली. सायन्सला चांगले मार्क आहेत. तिला नर्सिंगला जायचंय. या वर्षी त्या कॉलेजचे अर्ज इंटरनेटवरूनच घेतायत, पुढच्या शुक्रवारपर्यंत. फोटो आणि गुणपत्रिका स्कॅन करून चढवायची. नाव, गाव, जन्मतारीख सगळं भरलं. फोटो चढवायला गेलो, आणि अडलं. पुलाखालचा ट्रक.

मथुरा पडद्याकडं बघत राहिली. तिचा बाप तिला जालन्याला पाठवणार नाही हे मला माहीत आहे. साखराबाईंनी सांगितलंय, पोराचं एकच म्हणणं, गावात होत असंल तर शीक. गावात म्हणजे इथं. माझ्याकडं.

म्हटलं, उद्या ये.

ती म्हणाली, "उद्या व्हईल का मॅडम?"

"होईल."

कसं होईल मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

शनिवार, ९ जून

सकाळी बद्रीनाथला फोन केला. या वेळी कान देऊन ऐकत होते. म्हटलं, "नवा पासवर्ड मिळणार नाही ना?"

"न्हाई." हा 'न्हाई' खरा होता. आवाजावरून कळलं. "मलाच दिला न्हाई त्यांनी. डबा कंपनीचा हाय बाई. आमचा ताबा डब्यापोतर. तुमच्या कॉम्प्युटरात तुम्ही काय करता ते आम्हाला हितून दिसत बी न्हाई, आणि मोडता बी येत न्हाई." आणि फोन ठेवला.

डब्यापोतर.

पाट्यावर चटणी वाटताना डोक्यात उजेड पडला. आकडा डब्यातच कशाला बदलायचा? माल भरतो कोण? कॉम्प्युटर भरतो. समोरच्याला एवढंच पाठव म्हणून सांगतो कोण? कॉम्प्युटरच. मग ट्रक इथंच कमी भरला तर पुलाला विचारायचं काय काम! डबा त्यांचा असेल. कॉम्प्युटर माझे आहेत.

क्लासमधलं जुनं पुस्तक काढलं. विंडोजच्या पोटात एक जागा असते, तिथं हात घालताना आधी सगळं जपून ठेवा असं प्रत्येक पुस्तकात दटावलेलं असतं. जपून ठेवलं. डबा नुसता माल मोजतो, इथं पाकिटाच्या नेहमीच्या वेष्टनासकट मोजायचं असतं, ते वेष्टन चाळीसचं. म्हणजे तेराशे चाळीस अधिक चाळीस, तेराशे ऐंशी. लिहिलं, मशीन बंद-चालू केलं. काही फरक नाही. परत केलं. नाही. मथुरा येऊन बसली होती. लाइट जायची वेळ जवळ येत होती.

मग दिसलं. तिथं आकडा दोन पद्धतींनी लिहिता येतो, कॉम्प्युटरच्या आणि माणसांच्या. मी माणसांचा आकडा कॉम्प्युटरच्या पद्धतीत लिहिला होता. त्यामुळं ट्रक कमी व्हायच्या जागी तिपटीहून मोठा झाला होता! स्वतःलाच एक शिवी दिली. ठिपका दुसऱ्या गोलात टाकला, परत चालू केलं.

फोटो चढला. गुणपत्रिका चढली. खाली हिरव्या अक्षरांत आलं, अर्ज मिळाला, हा तुमचा क्रमांक. मथुरानं तो क्रमांक तळहातावर लिहून घेतला. कागद होता समोर, तरी तळहातावर.

बाहेर जाऊन तिनं आजीला सांगितलं. साखराबाई मामांच्या पाया पडल्या. आता यात मामांचा काय संबंध! म्हाताऱ्या माणसांना पाया पडायला निमित्तच लागतं.

सोमवार, ११ जून

अजून सात मुलींचे अर्ज गेले. चारही कॉम्प्युटर तसेच करून ठेवले.

फोन सारखा वाजतो. परतूर, मंठा, तिकडं लोणार, मेहकर. रामराव नावाचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना तीनदा सांगावं लागलं. शेवटी म्हणाले, "पोरी, तुझा आवाज असा हाय की माणूस चुकायला भितो." मला कळेना ही स्तुती की काय.

इंद्रभान आज ड्यूटीवरून आले, फोन वाजत होता, मी पोळ्या लाटत होते. त्यांनीच उचलला. ऐकत राहिले. मग म्हणाले, "हां हां, ठिपका दुसऱ्या गोलात टाका." माझ्याकडं बघितलं नाही, पण बोलले.

सोमवार, १८ जून

आज ते छत्री न्यायला आले.

सकाळपासूनच मामा दारात नव्हते. काल संध्याकाळी मी त्यांना जरा जोरात बोलले होते, दारातली घोंगडी काढा म्हणून. वाटलं, रुसले. आत्या म्हणाल्या, वर स्लॅबवर गेलेत. या उन्हात वर काय करतायत बघायला वेळ नव्हता, पोरी आल्या होत्या.

अकराच्या सुमारास पांढरी जीप आली. काकासाहेब आणि पान्हे घेतलेले दोघं. तोच कागद परत पुढं केला. "शेवटचं विचारतो ताई."

"साहेब, मी सही करते. पण मजकूर माझा."

मागची बाजू कोरी होती. उभ्याउभ्याच लिहिलं. 'कंपनीच्या अपग्रेडनंतर बिघाड झाला. मी जाणूनबुजून, स्वतःच्या हातानं आकडा बदलला. बिघाड गेला. सगळ्यांचा आकडा बदला, सगळ्यांचा बिघाड जाईल.' खाली सही केली, पूर्ण नावानिशी. 

काकासाहेबांनी वाचलं. गोड बोलणं संपलं. त्या दोघांना म्हणाले, "काढा रे वरचं."

ते जिन्यानं वर गेले आणि तसेच खाली आले. "साहेब, म्हातारा बसलाय."

"उठव की."

"उठंना."

आम्ही सगळेच वर गेलो. छत्रीच्या पायावर वजनाला मोठे दगड ठेवलेत, त्या दगडांवर घोंगडी टाकून मामा बसले होते. अंगाखाली छत्रीचे सगळे बोल्ट. काठी मांडीवर.

"बाबा, उतरा. काम करायचंय."

"मी कुठं नको म्हणलो? करा की."

"तुम्ही उठल्याशिवाय कसं करणार?"

"हितं गार वारं लागून राह्यलं," मामा म्हणाले. ऊन असं होतं की स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येईना.

काकासाहेब म्हणाले, कायदा, करार, पोलीस. मामा सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "साहेब, माझ्या मेंढरात लांडगा आल्ता, त्यो बी लई गुरगुरला. मी त्याला काई म्हणलो न्हाई. नुसता बसून राह्यलो. आखीर त्योच गेला."

पान्हेवाल्यांतला एक हसला. काकासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग खाली रस्त्यावर बघितलं. साखराबाई आल्या होत्या, मथुराचा बाप आला होता, टायपिंगच्या पोरींच्या आया पदर खोचून उभ्या होत्या.  जाफराबादच्या काळीपिवळीवाल्यानंही गाडी थांबवली होती.

साहेब म्हणाले, "नंतर बघू." माझा कागद मात्र घडी करून खिशात घातला.

जीप गेल्यावर मी तांब्या भरून वर नेला. मामांनी दोन घोट घेतले. मी म्हटलं, "मामा, मला वाटलं तुम्ही रागावलात माझ्यावर."

"रागावलोच हाय," म्हणाले. "घोंगडी काढ म्हणतीस!"

शनिवार, ३० जून

कंपनीचं पत्रक आलं. 'आमच्या तज्ज्ञांनी केलेल्या अथक संशोधनातून सर्व केंद्रांच्या उपकरणांत नवी सुधारणा करण्यात येत आहे.' डब्याचं पान उघडून बघितलं, पासवर्ड परत जुना झालाय. रकान्यात तेराशे चाळीस.

म्हणजे माझाच आकडा. एकानंही कमी-जास्त नाही!

शिवाय औरंगाबादला सगळ्या केंद्रचालकांचा मेळावा ठेवलाय, जेवणासहित. इंद्रभान म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? छत्री राहिली, चालू झालं. आता जाऊन लाडू खा आणि ये."  आतून नुसती धग लागलीय. मला हार-तुरे नकोत, देवाशपथ नकोत. पण तो कागद त्यांनी किती जणांकडून सही करून घेतला असेल? किती जणींनी 'माझ्या अज्ञानामुळे' च्या खाली नाव लिहिलं असेल?

रविवार, ८ जुलै

औरंगाबादहून आत्ताच आले. पाय दुखतायत, पण आजच लिहायला हवं.

मोठा हॉल, पंखे, शे-सव्वाशे माणसं. मी कुणालाच ओळखत नव्हते. कुणी मला ओळखत नव्हतं. मागच्या रांगेत भिंतीकडेला बसले. सत्कार, प्रास्ताविक, मग काकासाहेब माइकवर. मोठ्या पडद्यावर आलेख.

"मध्यंतरी काही केंद्रांवर चालकांच्या चुकीच्या हाताळणीमुळं अडचण आली. ग्रामीण भाग आहे, होतं. तशी लेखी कबुली ऐंशी टक्के केंद्रांनी आम्हाला दिली आहे. पण आमच्या तज्ज्ञांनी दिवसरात्र एक करून..."

हॉल खाली मान घालून ऐकत होता. माझ्या शेजारची एक बाई पदराच्या टोकाला पीळ देत होती. मला कळलं, हिनं सही केलीय.

मी उभी राहिले. आधी ठरवलं होतं का? नव्हतं. ठरवलं असतं तर बसूनच राहिले असते.

"साहेब, चूक हाताळणीची नव्हती."

काकासाहेबांनी डोळ्यांवर हात धरून मागं बघितलं. "प्रश्न शेवटी घेऊ, ताई."

"प्रश्न नाही. सांगतेय. अपग्रेडनंतर पाकीट फुगलं आणि वाटेत अडलं. लहान जात होतं, मोठं अडत होतं. आकडा आम्ही बदलला. तुम्ही मोडला, तर आम्ही परत बदलला. तुम्ही कुलूप लावलं, तर आम्ही आमच्या कॉम्प्युटरात बदलला."

माइक नव्हता मला. पुढून कुणी तरी वळून बघितलं. मग मधल्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "अरे! ही तर टेंभुर्णीची!"

ते रामराव गुरुजी होते. त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मीही नाही. ते उभे राहिले आणि हॉलला सांगितलं, "ह्या आवाजानं मला तीनदा सांगितलं, तवा जमलं."

"मला बी!" डावीकडून एक ठसठशीत बाई उठली. "मी सिल्लोडची गोजर." मग मंठ्याचा एक उठला, लोणारचा एक उठला. खुर्च्या सरकल्याचे आवाज. माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी पुढं बोलायची वाट बघत होती, कारण तोंड त्यांच्या ओळखीचं नव्हतं, आवाज होता. माझ्या शेजारची ती पीळवाली बाईही उठली. हळूच म्हणाली, "साहेब, माझा कागद मला परत द्या."

मग सगळीकडून तेच सुरू झालं. कागद परत द्या. कागद परत द्या.

काकासाहेब माइकवरून म्हणाले, "शांत व्हा! सेटिंग बदलायची परवानगी तुम्हाला दिली कुणी?"

क्षणभर माझ्या डोळ्यांपुढं परतूरचा एक माणूस आला, ज्याला मी कधी बघितलं नाही. त्याचं नाव माझ्या तोंडून कुणी काढू शकणार नव्हतं.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "उलट, करायचं नाही असंच सांगितलं होतं. म्हणून केलं."

हॉल हसला. असा हसला की पंख्यांचा आवाज ऐकू येईना.

कागद जेवणाच्या आधी परत मिळाले. एका खोक्यात घालून आणले होते, ज्यानं त्यानं आपापला शोधून घेतला. काही जणींनी तिथंच फाडले. माझा त्यात नव्हता. विचारलं तर कारकून म्हणाला, तो साहेबांनी स्वतःजवळ ठेवलाय.

ठेवू द्या. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.